हातभर उंचीचा ख्रिस्त

ब्राँझचा तो ख्रिस्त जेमतेम हातभर उंचीचा आहे. जवळ गेल्याशिवाय तो ख्रिस्त आहे हेही चटकन कळत नाही. त्याला चेहरा नाही. डोळे, नाक, दाढी, काट्यांचा मुकुट, काहीच नाही. पुरात वाहून आलेल्या, साल गेलेल्या फांदीसारखं खडबडीत अंग आणि दोन्हीकडे ताणलेले हात. ते हात कुठे संपतात आणि क्रूसाचं आडवं लाकूड कुठे सुरू होतं, सांगता येत नाही. जर्मेन रिशिए या शिल्पकर्तीने तो घडवला, फ्रान्सच्या आल्प्समधल्या आसी नावाच्या गावातल्या चर्चसाठी. १९५० साली चर्चचा अभिषेक झाला. १९५१ च्या एप्रिलमध्ये बिशपांच्या हुकमाने हा ख्रिस्त वेदीवरून उतरवला गेला. तो परत वेदीवर आला १९६९ साली.

गोष्ट परक्या देशातली आणि जुनी, पण तिच्यातला प्रश्न आपल्याकडे दर महिन्या-दोन महिन्यांनी कुठे ना कुठे उभा राहतो. प्रार्थनेच्या जागी काय असावं, ते कुणी घडवावं आणि ‘आमच्या भावना दुखावल्या’ असं कुणी म्हटलं की ते उतरवायचं? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, उगाच ताटकळत ठेवत नाही. त्या वस्तूसमोर रोज गुडघे टेकणारा काय म्हणतो ते आधी ऐकावं. मग काही वर्षं जाऊ द्यावीत. पत्रकं छापणाऱ्यांचा नंबर त्यानंतर.

आसी हे माँ ब्लां शिखराच्या समोरचं पठार, आर्व्ह नदीच्या खोऱ्यावर हजारएक मीटर उंचीवर. पासी या मोठ्या गावाचा हा वरचा भाग. धुकं खाली दरीत राहतं, वर कोरडी हवा आणि लख्ख ऊन. १९२० नंतर इथे क्षयरोग्यांसाठी एकामागून एक सॅनटोरियम उभी राहिली. पाचगणी किंवा मिरजेजवळची वानलेसवाडी म्हटलं की आपल्या जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं, तेच चित्र. रोगावर औषध नव्हतं. गच्चीवर ओळीने मांडलेल्या खाटांवर ब्लँकेटात गुंडाळून महिनोन् महिने पडून राहायचं, हाच उपचार. मारी क्युरीलाही क्षयाच्या संशयाने इथल्याच सांसेलमोज सॅनटोरियममध्ये आणलं होतं. निघाला रक्ताचा आजार, आणि ४ जुलै १९३४ ला तिने तिथेच डोळे मिटले.

या सांसेलमोजमध्ये आजाऱ्यांची धार्मिक सेवा करणारे धर्मगुरू होते झां दवेमी. पठारावरच्या रुग्णांसाठी, परिचारिकांसाठी एक देऊळ हवं, हा त्यांचा ध्यास. (आमच्या वसईत चर्चला देऊळच म्हणतात, म्हणून मीही मधून मधून तसं म्हणेन.) वास्तुरचनाकार मोरिस नोवारिना त्याच मुलुखातला. त्याने पहाडातल्या घरासारखीच इमारत बांधली: रुंद, बुटकी, वर बर्फाचं ओझं पेलणारं भलंमोठं उतरतं छप्पर, पुढे जाडजूड दगडी खांबांची ओसरी. आजूबाजूच्या डोंगराशी स्पर्धा करायला जावं तर हसं होईल, हे त्याला कळलं होतं. काम सुरू झालं १९३०च्या दशकाच्या अखेरीस, मध्ये महायुद्ध आलं, आणि ४ ऑगस्ट १९५० ला अभिषेक झाला. ‘सकल कृपांची माता’ असं चर्चचं नाव.

इमारत एवढीच असती तर आज तिच्यावर कुणी लिहिलं नसतं. पण दवेमींचे एक मित्र होते, मारी-आलँ कुतुरिए, डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू. स्वतः रंगीत काचांचं काम शिकलेले आणि धार्मिक कलेवरच्या एका मासिकाचे संपादक. पॅरिसमध्ये सां-सुल्पीस चर्चच्या आसपासच्या दुकानांत साच्यातून काढलेले प्लास्टरचे संत विकायला असत. गुलाबी गाल, निळा झगा, वर पाहणारे पाणीदार डोळे. फ्रान्सभरच्या देवळांत तेच. कुतुरिएंना या मालाचा संताप होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: श्रद्धाही आणि प्रतिभाही असलेला कलावंत मिळाला तर सोनं, पण तो मिळेना तर श्रद्धाळू कारागिरापेक्षा श्रद्धा नसलेला प्रतिभावंत बरा. युद्धाची वर्षं ते अमेरिकेत अडकले होते. तिथे देशोधडीला लागलेल्या कलावंतांशी त्यांचा संबंध आला, आणि परतल्यावर त्यांनी एकेकाला आसीसाठी गाठलं.

नावं वाचली तर लग्नपत्रिकेवरच्या निमंत्रकांसारखी वाटतात, सगळे त्या काळचे नामवंत चित्रकार-शिल्पकार. दर्शनी भिंतीवर फेर्नां लेजेचं मोझेक, हा माणूस १९४५ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेलेला. वेदीमागच्या पुऱ्या भिंतीवर झां ल्युर्साचा विणलेला पडदा, तोही डाव्या विचारांचा. मातीसने पिवळ्या फरशांवर काळ्या रेघांनी काढलेला संत डॉमिनिक. बोनारने रंगवलेला संत फ्रान्सिस दे सेल्स, हा तर याच साव्वा प्रांताचा लाडका संत. प्रसाद ठेवण्याच्या पेटीच्या दारावर ब्राकचा मासा. खिडक्यांत रुओच्या काचा. आणि पुढे १९५०च्या दशकात, स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) जागी शागालचा तांबडा समुद्र आणि लिपशित्झची मरिया. हे दोघेही ज्यू.

या यादीत रुओ जरा वेगळा. तो कट्टर कॅथलिक. आयुष्यभर ख्रिस्ताचे चेहरे रंगवत आला. तरी सत्तरी ओलांडेपर्यंत एकाही चर्चने त्याला काम दिलं नव्हतं. म्हणजे अश्रद्धांना बोलावल्याबद्दल ज्यांना पुढे एवढा राग आला, त्यांनी आपल्यातल्या श्रद्धावान चित्रकारालाही कधी दारात उभं केलं नव्हतं. श्रद्धा त्यांना खरंच एवढी प्यारी होती का, असा संशय मला इथेच येतो.

ओसरीच्या खांबांआडून लेजेचं मोझेक दिसतं तेव्हा आधी रंग अंगावर येतात. मधोमध लाल वर्तुळात मरियेचा चेहरा, शांत आणि सपाट. भोवती निळे-पिवळे-हिरवे पट्टे, आणि त्यांत चिन्हं: पहाटेची चांदणी, मनोरा, गुलाब. रोझरीनंतर (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) म्हणायच्या मरियेच्या नामावळीतली ही नावं. आपल्या आजीला तोंडपाठ असतात तीच. कम्युनिस्टाने ती अशी मांडली की निरक्षर बाईलाही बोट दाखवून म्हणता यावीत. आत ल्युर्साच्या पडद्यावर बायबलमधल्या ‘प्रकटीकरणा’च्या बाराव्या अध्यायातली सूर्य पांघरलेली स्त्री आणि सात डोक्यांचा अजगर. माझं मत विचाराल तर हा पडदा फार मोठ्याने बोलतो, मिस्सा (देवळातली मुख्य उपासना) चालू असताना नजर अजगरावरून हटायची नाही. आणि एकंदरीतही, प्रत्येकाने आपापला कोपरा धरून स्वतःचं सांगितलं आहे. एक सूर लागत नाही. ‘हे चर्च की चित्रप्रदर्शन’ अशी टीका तेव्हा झाली, ती मला निम्मी पटते.

आता तो ख्रिस्त. रिशिएपुढे दवेमींनी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा त्रेपन्नावा अध्याय ठेवला होता. दुःख सोसणाऱ्या सेवकाचा. त्याला रूप नव्हतं, शोभा नव्हती, आपण त्याच्याकडे पाहावं असं त्याच्यात काही नव्हतं, अशा अर्थाची ती ओळ. गुड फ्रायडेला आम्ही ती दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी तिच्यासमोर गोऱ्यागोमट्या, नीट भांग पाडलेल्या ख्रिस्ताच्या पायांचं चुंबन घेतो. रिशिएने त्या ओळीवर विश्वास ठेवला. छाती खपाटीला गेलेला, बरगड्यांत श्वास न मावणारा देह कसा असतो, हे त्या पठारावर कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. गच्चीवरच्या खाटेवर पडलेल्या माणसांना त्या ब्राँझमध्ये आपलं अंग दिसलं.

मग जानेवारी १९५१ मध्ये आंजे शहरात आसीच्या कलेवर व्याख्यान ठरलं. आंजे कुठे, तर फ्रान्सच्या पश्चिमेला, लुआर नदीच्या बाजूला, आल्प्सपासून शेकडो किलोमीटर दूर. तिथे कडव्या परंपरावाद्यांनी पत्रकं वाटली. एकीकडे जुन्या वळणाचा देखणा ख्रिस्त, शेजारी रिशिएचा, आणि देवाची अशी टिंगल खपवून घ्यायची नाही असा मजकूर. फोटोवर बघून चिडणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तक्रारी वरपर्यंत पोचल्या, आणि आसी ज्यांच्या अखत्यारीत होतं त्या आन्सीच्या बिशपांनी क्रूस काढायला लावला. चर्चच्या अभिषेकाला वर्षही झालं नव्हतं. जूनमध्ये व्हॅटिकनच्या वर्तमानपत्रात आसीवर टीका आली. कुतुरिए १९५४ च्या फेब्रुवारीत वारले तेव्हा ख्रिस्त नजरेआडच होता.

बिशपांची बाजूही मांडली पाहिजे. देऊळ हे कलादालन नाही. दालनात आवडलं नाही तर माणूस पुढच्या खोलीत जातो, देवळात तो कुठे जाणार? त्याच्या आईची मयत तिथून निघते, त्याची पोरं तिथे पाण्याने धुतली जातात. तिथे काय असावं यावर त्याचा हक्क आहे आणि त्याच्या वतीने बिशपांनी बोलावं, हे मला मान्य आहे. आणखी एक कबुली: लेजे, ल्युर्सा, रिशिए यांना निवडताना कुतुरिए आणि दवेमींनी पठारावर मतदान घेतलं नव्हतं. दोन शिकलेल्या पुरुषांनी ठरवलं आणि आणलं. लोकांना विचारलं नाही हा दोष हटवणाऱ्यांना लावायचा तर आणणाऱ्यांनाही लागतो.

पण दोन्ही गोष्टी एका तराजूत बसत नाहीत. आणलेली वस्तू उद्या काढता येते, तिच्याशी भांडता येतं, तिची सवय होऊ शकते किंवा नावड पक्की होऊ शकते. काढलेल्या वस्तूशी काहीच होत नाही. आणि इथे तर काढा म्हणणारे त्या देवळात गुडघे टेकणारे नव्हते. त्यांनी ब्राँझ पाहिलंच नव्हतं, छापील चित्र पाहिलं होतं. हातभर उंचीची, वेदीवर दुरून पाहायची, मेणबत्तीच्या उजेडात कडा हरवणारी वस्तू कागदावर मोठी करून छापली की ती वेगळीच वस्तू होते. आज तेच काम मोबाईलवर आलेला एक फोटो करतो. ज्यांच्या देवळाचा प्रश्न असतो त्यांना बातमी तिसऱ्या जिल्ह्यातून कळते.

दुसरा आक्षेप घडवणाऱ्यांच्या श्रद्धेचा. कम्युनिस्टाने मरिया का काढावी, ज्यू माणसाने का घडवावी? आम्हा किनारपट्टीच्या लोकांना हा आक्षेप साडेचारशे वर्षं जुना आहे. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी देवळातल्या मूर्ती आणि वस्तू हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत असं बजावलं. म्हणजे घेत होते, हे उघड आहे. पुढेही घेत राहिले. गोव्याच्या हस्तिदंती गुड शेफर्डकडे पाहा: डोंगरावर डोळे मिटून बसलेला बाळ मेंढपाळ, गालाला हात लावून ध्यान लागलेला. त्या मिटल्या डोळ्यांत या मातीतला हात दिसतो. त्या हाताला कुणी धर्म विचारला असता तर आपण ही मूर्ती गमावून बसलो असतो.

आणि श्रद्धेचा दाखला असून तरी काय होतं? आंजेलो द फोन्सेका याचं उदाहरण घ्या. जन्म १९०२, रिशिएच्याच वर्षी, गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावर, घर कॅथलिक. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकून आला आणि मरियेला साडी नेसवून रंगवू लागला. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात गहजब झाला. तो पुण्याला निघून आला आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रं काढत राहिला. १९६७ मध्ये वारला. रिशिएवर आक्षेप असा की तिचा ख्रिस्त ख्रिस्तासारखा दिसत नाही. फोन्सेकावर असा की त्याची मरिया आपल्यासारखी दिसते. फोन्सेकाकडे बाप्तिस्म्याचा दाखला होता, तो त्याच्या कामी आला नाही. तेव्हा श्रद्धा तपासण्याचं हे नाटक बंद करावं. खरा आक्षेप न ओळखीच्या रूपाला असतो, तो तसाच मांडावा. निदान त्यावर बोलता तरी येतं.

आसीत यावर सगळ्यात सुंदर बोलले ते दोघे ज्यू. जर्मनांच्या काळात फ्रान्समधून ज्यूंना गाड्यांत कोंबून मृत्युछावण्यांत नेलं, त्याला जेमतेम दशक झालं होतं. शागाल आणि लिपशित्झ दोघेही जीव वाचवून अमेरिकेला गेलेले. लिपशित्झने अट घातली की मरियेच्या मूर्तीवर मजकूर कोरला जाईल: याकोब लिपशित्झ, ज्यू, पूर्वजांच्या धर्माशी एकनिष्ठ, याने पृथ्वीवरच्या माणसांमध्ये सलोखा नांदावा म्हणून ही कुमारी घडवली. शागालने १९५७ मध्ये तांबडा समुद्र ओलांडणाऱ्या इस्रायलींचं भित्तिचित्र दिलं आणि त्यावर लिहिलं, सर्व धर्मांच्या स्वातंत्र्याच्या नावाने. एका कॅथलिक देवळाने ही दोन्ही वाक्यं भिंतीवर घेतली आणि जपली. त्या डोंगरावरची सगळ्यात धाडसी गोष्ट मला रिशिएचा ख्रिस्तही वाटत नाही, ही दोन वाक्यं वाटतात.

रोमचं काय झालं, तेही गमतीचं आहे. जून १९५२ मध्ये होली ऑफिसने, म्हणजे श्रद्धेच्या शिकवणीवर नजर ठेवणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्याने, पवित्र कलेविषयी सूचना काढली. नेहमीच्या रूढीला सोडून असलेली प्रतिमा बिशपांच्या संमतीशिवाय देवळात नको, असा तिचा रोख. रिशिएच्या विरोधकांनी ती डोक्यावर घेतली. पण त्याच सूचनेत आणखी एक वाक्य होतं: साच्यातल्या, हलक्या दर्जाच्या मूर्तींची गर्दीही बिशपांनी कडकपणे रोखावी. त्या वाक्यासाठी कुणी पत्रक छापल्याचं मी वाचलेलं नाही. पुढे डिसेंबर १९६३ मध्ये जगभरच्या बिशपांच्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनेवरच्या दस्तऐवजात म्हटलं की चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून कधी स्वीकारलेली नाही. (पुढच्याच परिच्छेदात श्रद्धेला धक्का देणाऱ्या कलाकृती बिशपांनी दूर ठेवाव्यात असंही आहे. हा धागा दोन्ही बाजूंना ओढता येतो.) १९६४ च्या मे महिन्यात पोप सहावे पॉल यांनी सिस्टिन चॅपलमध्ये कलावंतांना बोलावून चर्चने त्यांच्यावर घातलेल्या ओझ्याबद्दल क्षमा मागितली. पाच वर्षांनी आसीचा ख्रिस्त वेदीवर परतला.

सगळं गोड झालं असं म्हणावं तर एक हिशेब राहतो. दरम्यान स्ट्रेप्टोमायसिन आलं होतं, पाठोपाठ इतर औषधं, आणि सॅनटोरियमच्या गच्च्या ओस पडत गेल्या. १९६९ मध्ये क्रूस परत आला तोवर ज्यांच्यासाठी तो घडवला होता ते बहुतेक एकतर बरे होऊन घरी गेले होते किंवा मेले होते. पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल १९७० ला मध्यरात्रीनंतर, पठारावरच्या एका सॅनटोरियमवर दरड कोसळून ७१ माणसं गेली, त्यांत बहुसंख्य मुलं. ती दुर्घटना घडली तेव्हा तो चेहरा नसलेला ख्रिस्त निदान जागेवर होता. आधीची अठरा वर्षं ज्यांनी रिकाम्या जागेकडे पाहून प्रार्थना केली, त्यांना मात्र कुणी काही परत देऊ शकत नाही.

आसीला एक गोष्ट वाचवून गेली: बिशपांनी ब्राँझ वितळवलं नाही. उतरवून ठेवलं, पण ठेवलं. म्हणून माझी मागणी लहान आहे, आणि ती फक्त चर्चपुरती नाही. देवळातून, मठातून, दर्ग्यातून कुठलीही वस्तू काढायची असेल तर आधी तिथे नेमाने येणाऱ्यांना विचारावं, तेही माईकवर नव्हे, एकेकाला. एक वर्ष थांबावं. आणि एवढं करूनही काढावीच लागली तर फोडू नये, विकू नये, दुरुस्तीला म्हणून पाठवून हरवू नये. व्हॅटिकनच्या त्याच दस्तऐवजात हेही आहे की मोलाच्या वस्तू परक्या हाती जाऊ देऊ नका, ती देवाच्या घरची शोभा आहे.

आमच्या गावच्या देवळात नूतनीकरण झालं तेव्हा बाजूच्या वेदीवरचा जुना लाकडी संत काढला गेला. वाळवीने एक पाय पोखरला होता, नाकाचा शेंडा उडाला होता, रंगाचे पापुद्रे सुटले होते. त्याच्या जागी फायबरचा आला, गुलाबी गालांचा, अगदी सां-सुल्पीसच्या दुकानातून उठून आल्यासारखा. मीटिंगमध्ये मीही होतो आणि मीही हात वर केला होता. जुना आता कोयराच्या (गायकांच्या सज्जाच्या) जिन्याखाली आहे, प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि नाताळच्या गोठ्याचं सामान यांच्या मधोमध. गेल्या लेंतात (ईस्टरआधीच्या उपासकाळात) खुर्च्या काढायला गेलो तर त्याच्या तुटक्या पायाशी अबोलीचा गजरा होता, फार तर दोन दिवसांचा. त्या खोलीची चावी तिघांकडेच असते. पुढच्या मीटिंगला विषयपत्रिकेत हा विषय घालावा म्हणून मी अर्ज लिहून दिला आहे.